सलाईनमधून केटामाईन: गोव्यात नैराश्यावर उपचार घेताना

केटामाईनबद्दल मराठीत शोधायला गेलं की बहुतेक पोलिसांच्या बातम्याच हाती लागतात. किनाऱ्यावर अमुक ग्रॅम जप्त, तमुक परदेशी नागरिक अटकेत. मी पेडणे तालुक्यातली, हरमलचा किनारा आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे हे नाव आमच्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक आहे, आणि ते ह्याच कारणाने. २०२५ च्या पावसाळ्यात तेच औषध मला हॉस्पिटलात, नैराश्यावर उपचार म्हणून, शिरेतून दिलं गेलं. तेव्हा मला कुणाचा तरी साधा, क्रमाने सांगितलेला अनुभव हवा होता. तो मिळाला नाही म्हणून हा लिहिते आहे. नाव देत नाही. शाळेत शिकवते आणि गाव लहान आहे.

माझं नैराश्य जुनं आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं, मध्ये काही वर्षं बरी होते, कोविडनंतर परत आलं आणि मुक्कामालाच राहिलं. आधी एस्सिटालोप्राम पूर्ण डोसमध्ये घेतलं, मग वेनलाफॅक्सिन, मग त्याच्या जोडीला लिथियम. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही तर डॉक्टर त्याला ‘उपचारांना दाद न देणारं नैराश्य’ म्हणतात. हे ऐकून मला वाटलं, दाद मीच देत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की अमेरिकेत २००६ साली पुऱ्या झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण साधारण एक तृतीयांशच होते. बाकीच्यांना दुसरं, तिसरं, चौथं करत जावं लागलं. एवढं कळल्यावर थोडं हलकं वाटलं.

जूनच्या सुरुवातीला, शाळा नुकती सुरू झाली होती तेव्हा, डॉक्टरांनी दोन पर्याय पुढे ठेवले: ईसीटी, म्हणजे आपण ज्याला शॉक म्हणतो तो, किंवा केटामाईन. शॉकची भीती सिनेमाने घातलेली आणि केटामाईनची पेपरने. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी चिरत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “पेपरार येता तेंच न्हय गो हें?” तेच, म्हटलं. तेच औषध भुलीचं म्हणून जगभर वापरतात, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी ते तयार झालं, १९७० मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आजही भुलीसाठी ते आहे. श्वासावर फारसा दाब येत नाही म्हणून लहान हॉस्पिटलांनाही ते परवडतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तुझ्याबरोबर बसायला कोण असणार. नंतर कळलं, खरा प्रश्न तोच होता.

निर्णय घ्यायला मी तीनेक आठवडे घेतले. त्या काळात बरंच वाचलं. नैराश्यावर केटामाईनचा पहिला नियंत्रित प्रयोग येल विद्यापीठातला, २००० सालचा, अवघ्या सात रुग्णांवरचा. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झाराटे आणि सहकाऱ्यांनी १८ जणांवर केला. त्यात एका दिवसात ७१ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली, पण ती आठवडाभर टिकली फक्त ३५ टक्क्यांत. हे दोन आकडे एकत्र वाचावेत. मी पहिलाच धरून बसले नाही, ह्याचा सप्टेंबरात फार उपयोग झाला. ते पुढे येईलच. २०२३ मध्ये डॉ. अमित आनंद ह्यांच्या गटाने केटामाईन आणि ईसीटी ह्यांची थेट तुलना केली. ४०३ रुग्ण होते, सगळे सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम, नसलेले. केटामाईनच्या गटात ५५ टक्क्यांना गुण आला, ईसीटीच्या गटात ४१ टक्क्यांना, आणि स्मरणशक्तीवरचा परिणाम ईसीटीत जास्त होता. मला चाळीस-पन्नास मुलांची नावं लक्षात ठेवायची असतात. माझं पारडं तिथेच झुकलं. ज्यांना भास होतात किंवा जे खाणंपिणं सोडून बसले आहेत, त्यांच्या बाबतीत डॉक्टर वेगळा सल्ला देऊ शकतात. माझ्या पारड्यावरून आपलं तोलू नये.

ह्याच सुमारास ओळखीतल्या एका तरुणाने, भल्या मनाने, मला सुचवलं की एवढे पैसे कशाला, सीझनमध्ये मश्रूम नि ॲसिड इथेच मिळतं आणि परदेशात त्यानेच नैराश्य बरं करतात. पेडण्यात राहिल्यावर हा सल्ला कधी ना कधी मिळणारच. परदेशात संशोधन जोरात आहे हे खरं. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ सायलोसायबिन, म्हणजे त्या मश्रूममधलं द्रव्य, देऊ शकतात. पण आकडे बघा. २०२२ मध्ये आलेल्या २३३ रुग्णांच्या चाचणीत २५ मिलिग्रॅमचा मोठा डोस घेतलेल्यांपैकी तिसऱ्या आठवड्यात ३७ टक्क्यांना गुण आला होता, नाममात्र डोस घेतलेल्यांत १८ टक्क्यांना. तेही निवडून घेतलेले रुग्ण, आधी तयारी, सोबत प्रशिक्षित माणूस, नंतर बोलणं. किनाऱ्यावरच्या पुडीत ह्यातलं काहीच नसतं. त्यात आत नेमकं काय आहे हेही कुणाला माहीत नसतं. आणि भारतात सायलोसायबिन, एलएसडी (तेच ते ॲसिड), एमडीएमए ही नशेची द्रव्यं सगळी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतात. त्याला म्हटलं, बाबा, मला बरं व्हायचंय, म्हापशाच्या कोर्टाच्या फेऱ्या नको आहेत.

कायद्याचं निघालंच आहे तर सांगते. केटामाईनही त्याच कायद्याच्या कक्षेत आहे आणि औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे, म्हणजे दुकानदाराला चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते. रुग्णाने ते कुठून आणायचं नसतं. हॉस्पिटलच आणतं, नोंद ठेवतं, उरलेलं टाकतानाही नोंद करतं. कुणी घरी घ्यायला देतो म्हणालं, ऑनलाइन मागवून देतो म्हणालं, तर तिथून उठावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनालाही २०२३ मध्ये औषधालयांनी स्वतः बनवून दिलेल्या, घरी घ्यायच्या केटामाईनबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. शिवाय नैराश्यासाठी सलाईनमधून देणं हा मान्यतापत्रात न लिहिलेला वापर आहे. डॉक्टर तो अभ्यासाच्या आधारावर करतात. संमतिपत्रावर हे स्पष्ट छापलेलं असावं. माझ्या होतं, आणि नेमकं तेच वाक्य पुढे विमा कंपनीने माझ्यावर उलटवलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपासण्या झाल्या. ईसीजी, रक्तदाब, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, लघवी, गर्भारपणाची चाचणी. ३,२०० रुपयांच्या आसपास. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया होता का, हे दोन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं. खरं ते सांगावं, लपवण्यात आपलंच नुकसान. भूलतज्ज्ञांनी वेगळं तपासलं. रक्तदाब ताब्यात नसेल तर ते आधी तो ताब्यात आणायला लावतात, कारण केटामाईनने तो तात्पुरता चढतो.

मग कागद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आपण स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे गरज पडल्यास उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, ठरवू शकतो. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. मी जाऊबाईंचं नाव लिहिलं. नवरा थोडा चपापला, पण तो जहाजावर असतो आणि जाऊबाईंना गाडी चालवता येते, हे त्यालाही पटलं. उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्कही ह्याच कायद्याने दिलेला आहे. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन ठेवा. नंतर मागितल्या की “साहेब रजेवर आहेत” सुरू होतं. शाळेसाठी दाखला मागताना डॉक्टरांना सांगितलं की आजाराचं नाव न घालता ‘उपचाराधीन आहेत, ह्या दिवशी विश्रांती आवश्यक’ एवढंच लिहा. मुख्याध्यापकांना तेवढं पुरलं.

वेळापत्रक असं: आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. मात्रा वजनावर ठरते, किलोला अर्धा मिलिग्रॅम. माझं वजन ६४, म्हणजे ३२ मिलिग्रॅम, आणि ते सिरिंज पंपाने ४० मिनिटांत. शस्त्रक्रियेच्या भुलीला ह्याच्या कितीतरी पट लागतं. एका वेळेचे साडेसहा हजार, त्यात भूलतज्ज्ञांची फी आणि दिवसाची खाट धरलेली. गाडीचं डिझेल धरून पहिला टप्पा ४५ हजारांच्या घरात गेला.

आदल्या रात्रीनंतर जेवण नाही, दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं. नखांना रंग लावू नका, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. मंगळसूत्र, बांगड्या घरीच ठेवा. बाह्या सैल असलेला कुर्ता बरा. आणि परतीचं आधीच ठरवा. त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नसतेच, पण स्कूटरच्या मागे बसणंही नको. पायलट (भाड्याची मोटरसायकल) करून घरी जाईन असं मनात असेल तर सोडून द्या. मला पहिल्या वेळी पर्वरीपर्यंतही बसवेना, आणि तिथे उड्डाणपुलाच्या कामाची कोंडी. जाऊबाईंनी गाडी बाजूला घेतली, मी ओकले, पुढे निघालो. पुढच्या खेपांना आधीच उलटी थांबवणारं ऑन्डॅनसेट्रॉनचं इंजेक्शन द्यायला सुरुवात केली, मग तो त्रास फारसा झाला नाही.

आता ती ४० मिनिटं. सगळ्यांना हेच ऐकायचं असतं. खोली अशी काही नव्हती, पडद्याने वेगळी केलेली खाट, पलीकडे कुणाचं तरी प्लास्टर काढणं चाललेलं. डोळ्यांवर पट्टी आणि हेडफोन आणायला परवानगी होती. शब्द असलेलं गाणं नको असं सांगितलेलं, म्हणून मी नुसता तानपुरा लावला. सातव्या-आठव्या मिनिटाला ओठ बधिर झाले. मग हात कुठे आहेत ते कळेना. आहेत हे ठाऊक होतं, माझे आहेत हे कळत नव्हतं. नर्स दर दहा मिनिटांनी रक्तदाब घेत होती, तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. मोठा रंगीत देखावा वगैरे नाही. तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या खोल्यांत वाजताहेत आणि त्या खोल्या माझ्या आहेत, असं काहीसं. दुसऱ्या वेळी मात्र भीती वाटली. मी मेले आहे आणि हे लोक मला सांगत नाहीत, असं पक्कं वाटलं. त्यावर तोडगा नर्सने सांगितला तो साधा होता: डोळे उघडा, छताच्या पंख्याकडे बघा, माझा हात धरा. धरला. पंप बंद झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बरंचसं ओसरलं. माझा रक्तदाब चढून १५०-९५ पर्यंत गेला होता, तोही उतरला. तरी दोन तास बसवून ठेवतात. घाई करू नये.

पहिल्या वेळेनंतर दोन दिवस डोकं दुखलं, बाकी शून्य. मी जाऊबाईंना म्हटलंही, पैसे गेले. दुसऱ्या वेळेनंतरच्या सकाळी मी उठून चहा टाकला, मुलाचा डबा भरला, आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आज उठण्यासाठी स्वतःशी भांडावं लागलं नाही. आनंद वगैरे म्हणणार नाही. भांडण नव्हतं, एवढंच. डॉक्टर दर खेपेला नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेत, गुण जास्त म्हणजे नैराश्य जास्त. सुरुवातीला २७ पैकी २१ आले होते, पहिला टप्पा संपताना ९.

डॉक्टरांना विचारलं, मी पाहिलं त्याचा काही अर्थ असतो का? मेल्याचा भास झाला म्हणून बरं वाटतंय, असं काही? त्यांनी स्टॅनफर्डच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, तोही २०२३ चा. नैराश्य असलेल्या ४० रुग्णांची कुठली ना कुठली शस्त्रक्रिया व्हायचीच होती. ते पूर्ण भुलीत असताना निम्म्यांना केटामाईन दिलं, निम्म्यांना नुसती सलाईन. म्हणजे अनुभव कुणालाच नाही. दोन्ही गटांना जवळजवळ सारखंच बरं वाटलं. ह्यावरून कुणी म्हणतं, पाहा, जागेपणीचा अनुभवच लागतो. कुणी म्हणतं, आपल्यासाठी काहीतरी होणार आहे ही अपेक्षाच मोठं काम करते. भुलीच्या इतर औषधांनी परिणाम पुसला असेल, हीही शंका आहेच. डॉक्टरांनी निकाल दिला नाही, आणि मला ते आवडलं.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, समोरच्या बाईवर दोन्ही हात रोखलेला. आपण लहानपणी त्याला घाबरायचो. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री १८१३ पासून पॅरिसमध्ये लोकांना संमोहित करून दाखवायचा आणि सांगायचा, की माझ्या हातातून कुठली चुंबकीय शक्ती निघत नाही, जे होतं ते तुमच्या मनातून होतं. तेव्हा त्याची टर उडवली गेली. विम्याच्या कागदांसाठी पणजीला गेले तेव्हा त्याच्यासमोरून जाताना वाटलं, दोनशे वर्षांनी प्रश्न तिथेच आहे. औषध किती, मन किती?

माझं मत विचाराल तर त्या ४० मिनिटांना फार भाव देऊ नये. मला जे काही मिळालं ते नंतरच्या दोन-तीन दिवसांत मिळालं. केटामाईन मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहींवर (संदेश झेलणाऱ्या जागांवर) बसतं, ग्लुटामेट ह्या संदेशवाहक रसायनाचं काम बदलतं आणि त्यातून पेशींमधली जोडणी वाढत असावी, असं संशोधक मांडतात. जोडणी वाढवणारे ते दिवस मोबाईलवर रील्स बघत काढायचे की काही करायचं, हे आपल्या हातात असतं. मानसशास्त्रज्ञ बाईंनी (फी १,२००) सलाईनच्या दुसऱ्या दिवशीचीच वेळ लावली होती. त्यांनी मुळापर्यंत वगैरे काही खणलं नाही. मला वही घेऊन बसवलं आणि आठवडा लिहायला लावला: सोमवारी सकाळी पायी देवळापर्यंत, बुधवारी कुणाला तरी फोन, शनिवारी वह्या तपासून संपवणं. एरवी ही यादी बघूनच मी झोपले असते. त्या दिवसांत जमलं, आणि जमलं म्हणून पुढच्या आठवड्यातही थोडंफार जमलं. सलाईन घेणार असाल तर आधी ही दुसऱ्या दिवसाची वेळ पक्की करा, मग सलाईनची तारीख घ्या.

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला मी हात लावला, नेवऱ्या केल्या. सासूबाईंनी नुसतं पाहिलं, काही बोलल्या नाहीत. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरण लागली. सकाळचं भांडण परत. फॉर्मवर १४. इथेच त्या ३५ टक्क्यांनी मला सांभाळलं. ओसरतं, हे वाचलेलं होतं, त्यामुळे ‘माझ्यावर हेही चाललं नाही’ असं वाटायच्या आधी मी फोन उचलला. ज्या संध्याकाळी फार वाईट वाटत होतं तेव्हा टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले. फुकट आहे, चोवीस तास असतं, नाव सांगायची सक्ती नाही. तो नंबर जाऊबाईंच्या फोनमध्येही घालून ठेवला आहे.

डॉक्टरांनी मग अंतर ठरवलं, आधी पंधरवड्याने, नंतर तीन ते चार आठवड्यांनी एकदा. गोळ्या चालूच आहेत, त्या बंद करायच्या नसतात. वर्षानुवर्षं भरमसाट नशा करणाऱ्यांच्या मूत्राशयाला केटामाईनने इजा होते, म्हणून माझी लघवीची तपासणी अधूनमधून होते. आमच्या मात्रेत तशी भीती कमी, पण विचारून घ्यावं. अंतर वाढवत वाढवत थांबता येतं का ते बघायचं आहे. जानेवारीत फॉर्मवर १० होते.

राहिला विमा. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, आणि २०१८ मध्ये विमा नियामकाने तसं कळवलेलंही आहे. तरी माझा दावा फेटाळला. कारणं दोन: मी चोवीस तास हॉस्पिटलात दाखल नव्हते आणि उपचार ‘प्रायोगिक’ आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, बहुतेकांना असंच उत्तर येईल असं वाटतं. फोनवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, त्याची पोच ठेवा. तेच नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही टाकता येतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. गोवा मुंबईच्या लोकपालाच्या अखत्यारीत येतो, फी नाही, वकील लागत नाही. सोबत काय जोडलं ते सांगते: पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, डॉक्टरांचं पत्र (आधीची कुठली औषधं, किती महिने, कुठल्या मात्रेत, हे सगळं तारखांसकट), भूलतज्ज्ञांच्या नोंदी, दर वेळचं बिल, आणि नऊ प्रश्नांचे सगळे फॉर्म. ते फॉर्म हॉस्पिटल आपणहून देत नाही. मी अर्ज देऊन ठेवला होता म्हणून मिळाले. डिसेंबरात सगळं स्पीड पोस्टाने पाठवलं, अजून सुनावणीची तारीख आलेली नाही.